रोजचे चाळीस सेंटीमीटर

थांबा, माझ्यात काही वाढू नका. मी थाळी आहे खरी, पण जेवणाची नव्हे. माझ्या मधोमध भोक आहे, त्यातून दोरी ओवली आहे, खाली शिशाचं वजन लटकतंय आणि अंगावर चार फाका रंगवल्या आहेत, दोन काळ्या, दोन पांढऱ्या. मला पाण्यात बुडवायला जन्माला घातलंय. कागदावर मला एक परदेशी नाव आहे. ते उच्चारताना इथल्या प्रत्येकाची जीभ वेगळ्या जागी अडखळते, म्हणून सगळ्यांनी मिळून मला थाळी करून टाकलं. माझी काही तक्रार नाही.

माझं काम सोपं आहे. मला दोरीने टाकीच्या पाण्यात हळूहळू सोडायचं आणि वरून बघत राहायचं. ज्या खोलीवर मी दिसेनाशी होते, तिथे दोरी चिमटीत धरायची आणि मोजायचं. पाणी नितळ असेल तर मी तळापर्यंत दिसते. पाण्यात बारीक जीव दाटले असतील तर वीतभर गेल्यावरच गडप होते. गढूळ पाण्यातही होते म्हणा, पण सिमेंटच्या टाकीत गाळ कुठून येणार? म्हणजे मी जितकी लवकर नाहीशी होईन, तितकं पाणी पोसलेलं. सगळं जग दिसण्यासाठी धडपडतं, माझी नोकरी न दिसण्याची आहे.

एका कारखान्यात पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यातून मला कापलं. त्याच तुकड्यातून कापलेली माझी सख्खी बहीण पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून गेली. तिचं बरं चाललंय असं ऐकते. रोज दहा वेळा तिला कुणी ना कुणी उचलतं. मी आले ती माशांच्या खाद्यावर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात, आणि खाद्याच्या खोलीत खिळ्यावर लटकले. कित्येक वर्षं माझ्यावर धूळ आणि कोंडा, एवढंच काय ते वाढलं.

केंद्रात सिमेंटच्या नऊ टाक्या होत्या, तीन ओळींत तीन-तीन, माणसाच्या कमरेएवढ्या खोल. त्या सांभाळायला मामा होते. कुणाचे मामा ते विचारू नका, सगळ्यांचेच. मोठे साहेब त्यांना मामा म्हणायचे, साहेबांची बायकोही मामा म्हणायची. त्यांना स्वतःचं नाव असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. खाद्य टाकणं, पाणी बदलणं, टाक्या घासणं हे त्यांचं काम आणि पाण्याशी बोलणं ही त्यांची खोड.

एक दिवस मामांनी मला खिळ्यावरून काढलं, गंजीच्या टोकाने पुसलं आणि म्हणाले, "चल गं, उगीच लटकून काय करतेस? जरा अंघोळ कर." इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मला खरंच भरून आलं.

कारण असं की केंद्रात एक नवा प्रयोग सुरू झाला होता. तो एका संशोधक ताईंचा. ताई हुशार, मेहनती आणि सतत घाईत. माशांना कुठलं खाद्य मानवतं ते त्यांना शोधायचं होतं. नव्वद दिवस, नऊ टाक्या, तीन प्रकारचं खाद्य. पहिल्या ओळीला सुकी मासळी दळून केलेल्या घट्ट गोळ्या. मासे वाढवायला मासेच दळायचे, ही युक्ती माणसालाच सुचू शकते. दुसऱ्या ओळीला सोयाबीनच्या गोळ्या. तिसऱ्या ओळीला भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड भिजवून केलेला लगदा. प्रत्येक टाकीत माशांची बोटाएवढी पिल्लं, मोजून तितकीच. दर पंधरा दिवसांनी पिल्लांचं वजन करायचं आणि रोज मला पाण्यात सोडून पाणी कसं आहे ते टिपायचं, असं प्रयोगाच्या कागदावर लिहिलं होतं.

ते टिपायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना मी मनातल्या मनात चाळीसराव म्हणते. का ते सांगते. रोज सकाळी साडेदहाला पंख्याखाली बसून ते रजिस्टर उघडायचे आणि नऊ रकान्यांत ओळीने लिहायचे: चाळीस, चाळीस, चाळीस. अधूनमधून एखादा एकेचाळीस, नाहीतर कुणी म्हणेल मोजतच नाहीत. अक्षर मात्र मोत्यासारखं. माणूस मनाने वाईट नव्हता. ऊन सोसायचं नाही, गुडघे दुखायचे आणि चाळीस हा आकडा कुठल्या तरी पुस्तकात चांगला म्हणून वाचलेला होता. दर आठवड्याला ताई घाईघाईत येऊन रजिस्टरवर सही करून जायच्या.

आणि मी? मी तेव्हा भिंतीपलीकडे खिळ्यावर, कोरडी ठणठणीत. एकदा चाळीसराव गोणी मोजायला खाद्याच्या खोलीत आले, माझ्याकडे बघितलं आणि मामांना विचारलं, "हे काय लोंबतंय इथे?"

दीड महिना माझ्या नावावर रोज नऊ खोट्या अंघोळी लिहिणारा माणूस मला ओळखत नव्हता. वरात कुणाची आणि घोड्यावर कोण!

मामांचं वेगळं होतं. त्यांना मोजायला कुणी सांगितलंच नव्हतं. पण ज्या पाण्यात आपण रोज हात घालतो ते कसं आहे, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. वजनाच्या आदल्या दिवशी दहाच्या सुमाराला ते मला घेऊन निघायचे. प्रत्येक ओळीतल्या मधल्या टाकीत मला सोडायचे, मी गडप झाले, किंवा तळाला टेकले, की दोरीवर तिथेच एक दोरा बांधायचे. गोळ्यांच्या ओळीला लाल, सोयाबीनला पिवळा, कोंड्याला हिरवा. पहिल्या खेपेच्या दोऱ्याला एक गाठ, दुसऱ्या खेपेच्या दोऱ्याला दोन गाठी, असं. दोरे त्यांच्या बायकोच्या शिवणाच्या डब्यातले. "कामावर दोरे कशाला लागतात? पतंग उडवता काय?" असं तिने विचारलं होतं, ते मामांनी मला हसत हसत सांगितलं.

"लिहीत का नाही?" असं मी विचारलं असतं, मला तोंड असतं तर. पण त्याचं उत्तर मला माहीत होतं. कागदावर रोज काय लिहिलं जातं ते मामा खिडकीतून बघत होते, आणि लहान तोंडी मोठा घास घ्यायची त्यांची जात नव्हती.

आता पाण्याच्या आत काय चाललं होतं ते ऐका, कारण तिथे फक्त मीच जाऊन आले आहे.

लाल ओळीत गोळी पडायची, मासे धावायचे, गोळी संपायची. पाहुण्यांच्या घरी जेवल्यासारखं, ताटात काही उरायचं नाही. त्यामुळे पाणी काचेसारखं आणि पाण्याला बिचाऱ्याला उपास. पिवळ्या ओळीत थोडं सांडायचं, थोडं उरायचं, पाण्याला कशीबशी हिरवी झाक आली होती. हिरव्या ओळीत मात्र धमाल होती. लगदा पडल्या पडल्या निम्मा विरघळायचा. मासे तो हुंगायचे, थोडा खायचे, बाकीच्याला नाकं मुरडायचे. तो उरलेला कोंडा कुजायला लागला आणि त्याच्यावर डोळ्याला न दिसणारे जीव वाढले. त्यांच्या मागोमाग पाण्यात हिरवे कण दाटले. ते खायला आल्या पाणपिसवा, टाचणीच्या टोकाएवढ्या, एका डोळ्याच्या, सारख्या झटके देत उड्या मारणाऱ्या. मी खाली जाताना त्या माझ्या पांढऱ्या फाकांवर येऊन बसायच्या आणि गुदगुल्या व्हायच्या. मग पिल्लं लगद्याकडे पाठ फिरवून पाणपिसवांच्या मागे सुसाट सुटायची. विकतच्यापेक्षा घरचं गोड लागतं, हे त्यांनाही कळत होतं.

दर पंधरा दिवसांनी माझ्या दोरीवरचा हिरवा दोरा माझ्याजवळ येत गेला. पहिला हातभर लांब, शेवटचा वीतभरावर. लाल दोरे होते तिथेच, वर, एकमेकांना चिकटून उभे.

सगळं गोडच होतं असं नाही. दोन महिने झाले असतील, एका सकाळी हिरव्या ओळीतले मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. पेंड जरा जास्त झाली होती, पाण्यातला प्राणवायू खाल्ला गेला होता. मामांनी बादली घेतली आणि पाणी वर काढून उंचावरून परत ओतत राहिले, तासभर, हात भरून येईपर्यंत. मासे वाचले. मग ओल्या कपड्यांनिशी ते चाळीसरावांकडे गेले. "पाणी जड झालं होतं, तेवढं लिहून ठेवा," म्हणाले.

चाळीसरावांनी रजिस्टर उलटंपालटं करून बघितलं. "कुठे लिहू? याला रकाना नाही, मामा."

नव्वदावा दिवस उजाडला. शेवटचं वजन झालं. कोंड्यावरचे मासे गोळ्यांवरच्या माशांच्या बरोबरीला आले होते, अंमळ सरसच. ताईंनी दोनदा वजन केलं, तिसऱ्यांदा काटा बदलून केलं. आकडा हलेना.

मोठ्या साहेबांना हे कळलं तेव्हा ते भाषण पाठ करत होते. तीन दिवसांनी वरच्या कार्यालयातून पाहुणे यायचे होते आणि मासळीच्या गोळ्यांना पर्याय नाही, असं साहेब भाषणात सांगणार होते. भाषण छापून झालं होतं. साहेबांचा एक नियम होता: छापलेलं चुकत नाही.

त्यांनी खाद्याच्या खोलीतच सगळ्यांना बोलावलं, म्हणून मला ऐकता आलं. साहेब म्हणाले, "हे बघा, सरळ हिशोब आहे. पिल्लं सारखी, टाक्या सारख्या. रजिस्टर सांगतंय की पाणीही सगळीकडे सारखं, चाळीस. फरक फक्त खाद्यात. मग वाढ सारखी कशी? कारण खाद्यही सारखंच पडलं. गोळ्या इकडच्या तिकडे झाल्या आहेत. आणि टाक्यांवर खाद्य टाकायला कोण जातं?"

सगळ्यांनी मामांकडे बघितलं.

साहेबांचा तर्क बिनचूक होता, हे मला मान्य करावं लागेल. फक्त तो ज्या चाळीसवर उभा होता तो चाळीस हवेत लटकत होता. चाळीसरावांनी छताकडे बघितलं. छतावर काहीही नव्हतं.

"मी कशाला गोळ्या फिरवीन, साहेब?" मामा म्हणाले. "मला त्यात काय मिळणार?"

"ते चौकशीत कळेल. पाहुणे जाऊ देत. तोवर टाक्या घासून घ्या, पाणी आरशासारखं दिसलं पाहिजे. त्यानंतर तुम्ही गेटवर बसा."

"गेटवर बसतो. त्यात काय, बसायचंच आहे," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "पण चोर म्हणून बसणार नाही."

मामांच्या नोकरीचे चार महिने उरले होते. इतकी वर्षं पाण्यात हात घालून शेवटी हातावर चोरीचा डाग लागणार होता. मी खिळ्यावर टांगलेली, सगळं खरं माहीत असलेली, आणि मला बोलता येत नव्हतं. लोखंडाला राग येत नाही असं म्हणणाऱ्याने त्या दिवशी मला हात लावून बघायला हवा होता.

दुपारी ताई एकट्याच मामांकडे आल्या. मामा माझ्या खोलीच्या खिडकीसमोरची, हिरव्या ओळीतली टाकी उपसत होते.

"मामा, एकदाच विचारते. खरं सांगा."

मामा थांबले. "विचारलंत ते बरं केलंत, ताई. न विचारता मानलं असतं तर जास्त लागलं असतं. नाही फिरवल्या गोळ्या." मग त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन त्यांच्यापुढे धरलं. "तुम्ही हे पाणी कधी बघितलंत का?"

"रजिस्टर बघत होते."

"रजिस्टर नाही. पाणी."

ताईंनी ओंजळीत बघितलं. हिरव्या पाण्यात बारीक ठिपके उड्या मारत होते. त्या काही बोलायच्या आत चाळीसराव सांगत आले, साहेब विचारतात अजून किती वेळ. मामांनी ओंजळ सोडली. संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ टाक्या रिकाम्या झाल्या, घासल्या गेल्या, बाहेरून चुना लागला, आत नळाचं कोरं पाणी आलं. मोठे मासे जाळीतून परत सोडले. माझ्या पाणपिसवा गटारात गेल्या. नव्वद दिवस जी गोष्ट प्रयोगाने शोधली, ती पाहुण्यांना छान दिसावं म्हणून एका दुपारीत धुऊन काढली. स्वच्छतेच्या बाबतीत आमच्या केंद्राचा हात कुणी धरणार नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर बेतलं. पाहुण्यांसाठी टेबलावर पांढरी चादर घालून सगळी उपकरणं मांडायची होती. चाळीसरावांना यादी मिळाली. यादीत माझं परदेशी नाव होतं. ते वाचून त्यांनी ते तीन खोल्यांत शोधलं आणि शेवटी मामांना विचारून माझ्यापर्यंत पोचले.

"बापरे, हिला काय लोंबतंय हे! चिंध्या चिंध्या!" ते म्हणाले. "दोरी नवी घालू." आणि त्यांनी कात्री आणली.

कात्रीचं पातं माझ्या दोरीला लागलं तेव्हा मी मनातल्या मनात किंचाळले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं होतं. मामांच्या खरेपणाचा पुरावा माझ्याच दोरीला बांधलेला होता, आणि मामांनाही ते सुचलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती नुसती खोड होती.

दार ढकलून ताई आत आल्या. तराजू न्यायला आल्या होत्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "हे दोरे कुणी बांधले?"

चाळीसराव म्हणाले, "मामांनी असणार. त्यांची काही तरी..."

ताईंनी मला टेबलावर ठेवलं, दोरी सरळ केली आणि बोटाने गाठी मोजायला लागल्या. एक गाठ हिरवी. दोन गाठी हिरवी. तीन. हिरवा दोरा खाली, खाली, खाली. लाल तिथल्या तिथे. पिवळा मध्ये घुटमळलेला. त्यांनी मामांना बोलावून घेतलं.

"प्रत्येक वजनाच्या आदल्या दिवशी?"

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही घाईत असायचात, ताई."

ताई खाली बसल्या. त्यांनी फूटपट्टी आणून एकेक दोरा मोजला आणि वहीत लिहिला. त्यांचा चेहरा मी जवळून बघितला. आनंद होता आणि लाजही होती, कारण रजिस्टरवरच्या सह्या त्यांच्याच होत्या.

तशाच त्या मला घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी दोऱ्यांकडे नाक वर करून बघितलं. "शिवणाच्या दोऱ्याला कोण पुरावा म्हणतं? रजिस्टर अधिकृत आहे. प्रत्येक पानावर सही आहे. कुणाची आहे?"

"माझी," ताई म्हणाल्या.

"मग?"

"मग ती चुकीची सही आहे, साहेब. मी न बघता केली."

साहेब हे वाक्य ऐकायला तयार नव्हते. असं वाक्य त्या इमारतीत आधी कुणी उच्चारलं नव्हतं. "पाहुणे जाऊ देत," ते म्हणाले.

पाहुणे आले. एकटेच, पिकल्या केसांचे, हातात काठी, बोलणं कमी. साहेबांनी भाषण केलं. पाहुण्यांनी जांभई आवरली आणि उपकरणांच्या टेबलापाशी येऊन मला उचललं. माझी दोरी ताईंनी चादरीखाली वेटोळं करून ठेवली होती.

"ही रोज वापरता?" पाहुण्यांनी विचारलं.

"रोज!" साहेब म्हणाले. "नव्वद दिवस, एक दिवस खंड नाही."

"वा. जरा मोजून दाखवा बरं."

साहेबांनी चाळीसरावांना खूण केली. चाळीसरावांनी मला हातात घेतलं, आधी उलटं, मग सुलटं. सगळे टाकीपाशी गेले. मामा लांब गेटपाशी उभे होते. चाळीसरावांनी मला पाण्यात सोडलं. नळाचं कोरं पाणी, घासलेली टाकी. मी खाली जात राहिले आणि तळाला टेकले, तरी माझ्या चारही फाका लख्ख दिसत होत्या. माझ्यावरचा एक ओरखडाही वरून मोजता आला असता.

चाळीसरावांनी वाकून, डोळे बारीक करून, गंभीरपणे बघितलं. आणि नव्वद दिवसांच्या सवयीने म्हणाले, "चाळीस."

एक मासा माझ्यावरून पोहत गेला.

"पण ती तळाला दिसतेय," पाहुणे म्हणाले.

चाळीसरावांनी परत बघितलं. मग घाम पुसत म्हणाले, "एकेचाळीस."

पाहुण्यांना हसू आवरेना. साहेबांचा चेहरा चुन्याच्या भिंतीत मिसळून गेला. त्याच क्षणी ताईंनी दोरी पुढे धरली आणि दोऱ्यांची सगळी हकिकत सांगितली, स्वतःच्या सह्यांसकट. पाहुण्यांनी प्रत्येक गाठीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे बांधणारा माणूस कुठे आहे?"

मामांना गेटवरून बोलावलं.

"कोंड्यावर मासे कसे वाढले?" पाहुण्यांनी विचारलं.

मामांनी हात मागे बांधले. "गोळी मासा खातो. कोंडा अर्धा मासा खातो, अर्धा पाणी खातं. मग पाण्याला जे होतं, ते मासा खातो. मात्र हात सैल सोडला तर पाणी जड होतं, मासे गुदमरतात. तेव्हा पाण्याकडे बघून टाकायचं."

"एवढंच?"

"एवढंच. बघायचं."

पाहुणे बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. साहेबांना मात्र तेवढ्यात सुचलं. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी आमच्या लोकांना नेहमी हेच सांगत असतो." सरड्याने लाज वाटून केंद्राकडे फिरकणं बंद केलं म्हणतात, ते तेव्हापासून.

पुढचं थोडक्यात सांगते. चाळीसरावांना पाण्याची पारदर्शकता कशी मोजावी याच्या प्रशिक्षणाला पाठवलं. वर्गात बसून लेखी परीक्षा होती. ते पहिले आले. साहेबांनी 'हिरवं पाणी' नावाची योजना काढली आणि फर्मान सुटलं की उत्तम पाणी पंचवीस सेंटीमीटरचं असतं. तेव्हापासून रजिस्टरमध्ये रोज नऊ रकान्यांत लिहिलं जातं: पंचवीस, पंचवीस, पंचवीस. पाहुण्यांच्या गटांना पाणी हिरवं दिसावं म्हणून टाक्यांना आतून हिरवा तैलरंगही देऊन झाला. त्या रंगाच्या वासाने महिनाभर एक पाणपिसू जगली नाही.

मामांच्या चौकशीचाही निकाल लागला. कागद आला: सबळ पुराव्याअभावी प्रकरण बंद. मामांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे चोरी केली, पण सापडलो नाही, असंच ना?" त्यांनी ताईंना विचारलं. ताई त्यासाठी साहेबांकडे तीनदा गेल्या. साहेब म्हणाले, "बंद झालंय ना? मग आणखी काय हवं?"

मामांना 'चुकलं' एवढा एक शब्द हवा होता. त्याला रकाना नव्हता.

मग एक दिवस ताई अहवालाचे कागद घेऊन टाक्यांपाशी आल्या. त्या वेळी मामा मला धुवत होते. "मामा, तुमचं पूर्ण नाव सांगा," त्या म्हणाल्या.

मामा हसले. "कशाला?"

"पाणी कुणी मोजलं ते लिहायचंय. आकडे तुमचे आहेत. मी माझं रजिस्टर खोडून टाकलंय, आणि का खोडलं तेही लिहिलंय."

मामांनी हात पुसून नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश, परक्याचं सांगावं तसं. ताईंनी ते लिहिलं आणि अक्षर न अक्षर त्यांना वाचून दाखवलं.

निवृत्तीच्या दिवशी मामा बायकोला घेऊन आले. ताईंनी छापलेला अहवाल हातात दिला. सातवं पान. मामांच्या बायकोने नावावर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून दिलं. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही बोट उचललं नाही. मग म्हणाली, "सगळं खरं, पण दोरे माझे होते. ते कुठे छापलंय?"

ताईंनी पेन काढलं आणि तिच्यासमोर तळटीप लिहिली: दोरे मामींचे. त्या एका प्रतीत ती अजून आहे.

आता मी साहेबांच्या खोलीत काचेच्या कपाटात असते. माझ्याखाली पितळी पाटी आहे, दोऱ्यांना धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक गुंडाळलं आहे. रोज कुणी तरी येऊन मला बघतं, वा म्हणतं आणि जातं. दिसणं हे काम मला कधीच जमलं नाही, तरी तेच करते आहे. शेजारच्या खणात तो अहवाल आहे. त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. मामांचं नाव मी ऐकलंय, पण तुम्हाला सांगणार नाही. सातव्या पानावर आहे, जाऊन वाचा. त्या निमित्ताने तरी कुणी तो उघडेल.

आणि तिथवर आलातच तर माझ्यासाठीही एवढं करा. कपाटाची किल्ली कुलपालाच आहे. मला बाहेर काढा, जिवंत पाणी असेल अशा कुठल्याही टाकीवर न्या आणि सोडा. मी खाली जाईन, तुम्ही वरून बघत राहा. मी दिसेनाशी झाले की घाबरू नका, दोरी चिमटीत धरा. आणि मग सवयीचा आकडा सांगू नका. मोजा.